आतला पट्टा : एका मेकॅनिकला खुले पत्र

महोदय,

तुमचं नाव, तुमच्या गॅरेजचं नाव आणि गावाचं नाव या पत्रात कुठेही येणार नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, एवढं पुरे. या पत्राची जर्मन प्रत एका जाड पाकिटातून तुमच्याकडे येते आहे. मूळ पत्र मात्र मी मराठीत लिहितो आहे, कारण मला राग मराठीतच नीट मांडता येतो. शिवाय श्टुटगार्ट आणि हाइलब्रॉनच्या पट्ट्यात माझ्यासारखे बरेच मराठी इंजिनियर राहतात. त्यांतले काही जण पाचसहा वर्षांची बचत जुळवून एखादी जुनी गाडी घेतात, आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर विश्वास ठेवतात. त्यांनी हे वाचावं.

जानेवारीत मी माझ्या गाडीच्या पट्ट्याचे फोटो घेऊन तुमच्याकडे आलो होतो. तुम्ही फोटो पाहिले, हात पुसले आणि मला विचारलंत, "गाडी चालते आहे ना?" त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही. तुमच्यापुढे वाद घालण्याइतकी जर्मन माझ्याकडे तेव्हा नव्हती, आणि राग आला की होती तीही पळते. हे पत्र म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर समजा.

गाडी पोर्शे 944, 1986 सालची. तुम्ही ती आतून पाहिली आहे, त्यामुळे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण वाचणाऱ्यांसाठी सांगतो. ही गाडी नेकार्सुल्मच्या कारखान्यात तयार झाली. मी राहतो तिथून तो कारखाना सायकलच्या अंतरावर आहे. चार सिलिंडर, 2479 सीसी, सिलिंडरचा व्यास तब्बल 100 मिलिमीटर. त्याच कंपनीच्या 928 या गाडीच्या आठ सिलिंडरच्या इंजिनाची एक बाजू घेऊन हे इंजिन बेतलं. एवढे मोठे चार पिस्टन वरखाली धावले की इंजिन थरथरणारच. ती थरथर मारायला दोन बॅलन्स शाफ्ट बसवले, क्रँकशाफ्टच्या दुप्पट वेगाने आणि एकमेकांच्या उलट फिरणारे. मूळ कल्पना लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनियरची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. पुढे ती मित्सुबिशीने पुन्हा वापरात आणली आणि पोर्शेने त्यांच्याकडून परवाना घेतला. चार सिलिंडरची गाडी सहा सिलिंडरसारखी शांत चालते ती त्यामुळे.

म्हणून या इंजिनाच्या तोंडाशी दोन दातेरी पट्टे आहेत. आतला पट्टा टायमिंगचा. तो क्रँकशाफ्टवरून निघून वर कॅमशाफ्टला फिरवतो आणि जाता जाता आपल्या गुळगुळीत पाठीने वॉटर पंपही फिरवतो. त्याच्या पुढे, बाहेरच्या बाजूला, बॅलन्स शाफ्टचा पट्टा. क्रँक दोन वेळा फिरला की कॅम एकदा फिरला पाहिजे, ना कमी ना जास्त. आतल्या पट्ट्याचं मुख्य काम एवढंच, पण सगळं इंजिन त्यावर उभं आहे.

गाडी मला 2021 साली मिळाली. विकणारे आजोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते, गुडघ्यांमुळे त्यांना इतक्या खाली बसणाऱ्या गाडीतून उठता येईना. त्यांनी प्रत्येक बिल एका निळ्या फाइलीत लावून ठेवलं होतं. सगळ्यात वर तुमचं बिल, मे 2019 चं. टायमिंग बेल्ट, बॅलन्स बेल्ट, रोलर, वॉटर पंप, पुढची सील, नऊ तासांची मजुरी. बॉनेट उघडल्यावर समोरच तुमचा स्टिकर. इथल्या पद्धतीप्रमाणे त्यावर तारीख आणि किलोमीटर : 1,38,000. तुमचं अक्षर सुंदर आहे. आकडे इतके नेटके की मी त्या स्टिकरचा फोटो काढून कोल्हापूरला काकांना पाठवला होता, बघा इथे कशी शिस्त असते म्हणून.

काकांबद्दल सांगायला हवं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचं छोटं वर्कशॉप होतं. ऑइल इंजिनं, पंप, कधीमधी कुणाची जीप. मी आठवी-नववीत असताना सुट्टीत तिथे बसायचो. काकांचा एक नियम होता. कुठलाही भाग बदलला की जुना भाग वर्तमानपत्रात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "भंगार कशाला देताय, टाका तिकडं." काका म्हणायचे, "टाका की, पण घरी नेऊन टाका." तेव्हा मला वाटायचं हा म्हाताऱ्याचा हट्ट आहे. तुमच्या गॅरेजमधून आजोबांना असं काही मिळालं नव्हतं. मीही गाडी घेताना विचारलं नाही की जुना पट्टा कुठे आहे.

तर, उत्तर.

गाडी चालत होती. 2021 च्या ऑगस्टमध्ये आम्ही बोडेन्झे सरोवरावर गेलो, ए81 महामार्गावरून. मागच्या सीटवर माझी मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची. त्या सीटवर मोठं माणूस बसत नाही, पण तिला ती जागा आवडते. एंगेलबर्गच्या बोगद्यात, अडीच किलोमीटर, ती श्वास रोखून धरायचा खेळ खेळत होती. मी मधल्या लेनमध्ये होतो, इंजिन 3600 फेऱ्यांवर. म्हणजे सेकंदाला क्रँकच्या 60 फेऱ्या, कॅमच्या 30. प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला तीस वेळा उघडत आणि मिटत होता. आठ व्हॉल्व्ह, सेकंदाला दोनशे चाळीस वेळा. आणि ते सगळं एका रबरी पट्ट्यावर चाललं होतं, जो तुम्ही बदललेला नव्हता.

या इंजिनात पिस्टन वर येतो तेव्हा पूर्ण उघडलेल्या व्हॉल्व्हला जागा उरत नाही. पट्टा शाबूत असेल तोवर दोघे एकमेकांना चुकवतात, रोज लाखो वेळा. पट्टा तुटला किंवा त्याचे दात सोलून निघाले की कॅम जिथे असेल तिथे थांबतो. काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात. क्रँक मात्र थांबत नाही, कारण चाकं त्याला गिअरबॉक्समधून ओढत असतात. पिस्टन येऊन धडकतात. व्हॉल्व्ह वाकतात, कधी मोडतात, मोडलेला तुकडा सिलिंडरमध्ये फिरतो. हे व्हायला एक सेकंदही लागत नाही, आणि इंजिन संथ फिरत असलं तरी होतं. मग इंजिन बंद, स्टिअरिंग जड, ब्रेकला मिळणारी मदत दोनचार दाबांत संपते. मागून ट्रक येत असतात. त्या बोगद्यात हे झालं असतं तर मी काय केलं असतं याचा विचार मी या हिवाळ्यात बऱ्याच रात्री केला आहे.

गाडी चालते आहे, हे तुम्ही पट्टा बदलल्याचा पुरावा म्हणून मांडलंत. पण टायमिंगचा पट्टा खराब होत असताना काहीही बोलत नाही. ब्रेक झिजले की किरकिरतात, क्लच घसरायला लागतो, बेअरिंग गुणगुणतं. या पट्ट्याच्या बाबतीत गाडी शेवटच्या मिनिटापर्यंत अगदी छान चालते. हे मला नंतर वाचून कळलं. तुम्हाला त्या धंद्यात निदान तीस वर्षं झाली असतील.

इथे दर दोन वर्षांनी गाडीची सरकारी तपासणी होते. 944 सारख्या तीस वर्षांवरच्या गाडीला जुन्या वाहनाची 'एच' नंबरप्लेट मिळण्याआधी आणखी एक तपासणी असते. आजोबांची गाडी त्या सगळ्यांतून पार झाली होती. ब्रेक, दिवे, गंज, धूर, टायर, सगळं पाहिलं गेलं. पट्ट्याचं झाकण कुणी उघडलं नाही, कारण ते उघडणं त्यांच्या कामात बसत नाही. म्हणजे त्या झाकणाआड काय आहे हे जगात फक्त एकाच माणसाला ठाऊक असतं, ज्याने ते शेवटचं बंद केलं त्याला. इतका पूर्ण विश्वास आपण डॉक्टरवरही टाकत नाही, निदान एक्स-रे तरी दुसऱ्याला दाखवता येतो.

2022 च्या डिसेंबरात मी झाकण उघडलं. संशय म्हणून नाही. या पट्ट्यांची जाणकार सांगतात ती मुदत चार वर्षं किंवा सत्तर हजारांच्या आसपास किलोमीटर, जे आधी येईल ते. बरेच जण त्याहून लवकर बदलतात. स्टिकरप्रमाणे साडेतीन वर्षं झाली होती. मला वाटलं, वसंतात बदलायचाच आहे, तर थंडीत एकदा बघून ठेवू.

बॅटरी सोडवली. एअर फिल्टरचा डबा बाजूला केला. या इंजिनात डिस्ट्रिब्यूटर कॅमच्या टोकावर, अगदी पट्ट्याच्या झाकणावर बसतो, म्हणून आधी त्याची टोपी आणि रोटर काढावे लागतात. मग वरचं झाकण. पट्ट्याचा फक्त वरचा भाग समोर आला. स्पार्क प्लग काढले, म्हणजे इंजिन हाताने फिरवताना दाबाचा अडथळा होत नाही, आणि क्रँकच्या बोल्टवर 24 चं सॉकेट लावून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हळूहळू फिरवत गेलो. सुरुवातीच्या जागी पट्ट्याच्या पाठीवर खडूची खूण केली, म्हणजे पूर्ण फेरा झाला की कळावं. पट्टा तपासायचा तर पूर्ण लांबी बघावी लागते. एक वीतभर तुकडा चांगला दिसला म्हणून सोडून द्यायचा नसतो.

पहिल्याच वीतभरात मला कळलं की हा पट्टा साडेतीन वर्षांचा नाही. पाठीवरची छपाई पूर्ण गेलेली, पाठ काचेसारखी चकचकीत. एका कडेला धागे सुटून आले होते, गोणपाटाच्या कडेसारखे. पट्टा जरा वाकवून पाहिला तर दातांच्या मुळाशी बारीक चिरा. तीन दातांवरचं कापड झिजून आतलं रबर उघडं पडलेलं. कॅमच्या सीलच्या बाजूने तेल येऊन पट्ट्याची ती कड ओली, रबर फुगलेलं. असा पट्टा आतून काचेच्या तंतूंवर उभा असतो. दात सोलून निघायला लागले की ते तंतू काही करू शकत नाहीत. चार-सहा दात एकदम गेले की झालं.

तरी मी माझ्या मनाशी वाद घातला. कदाचित तेलामुळे इतक्या लवकर खराब झाला असेल. कदाचित माझ्या डोळ्यांना समजत नसेल. मग पुढचं सगळं सोडवलं, खालची झाकणं काढली आणि बाहेरचा पट्टा समोर आला. बॅलन्स शाफ्टचा. तो नवा होता. छपाई स्पष्ट, दात टोकदार, खुणा अचूक जुळवलेल्या, त्याच्या आयडलरशी ठेवायची असते ती बारीकशी फटही बरोबर. तुम्ही तो उत्तम बसवला आहे. हे लिहिताना मला कमी वाईट वाटत नाही, जास्त वाटतं. तुम्हाला काम येत नाही असं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. दोन्ही शाफ्टच्या खुणा जुळवण्याइतकी ज्याला समज आहे, त्याला हेही ठाऊक असतं की बाहेरचा पट्टा उतरवला की आतला पट्टा नाकासमोर असतो. तो बदलायला जे सोडवावं लागतं त्यातलं बरंचसं तुम्ही आधीच सोडवलं होतं. तुम्ही तिथे उभे होतात.

मग मी झाकण उलटं केलं, पुसायला. आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाच्या पेनने लिहिलेलं होतं : 09/2006, 97,400. आणि खाली दोन अक्षरं, कुणाची तरी सही. ते अक्षर तुमच्यासारखं सुंदर नव्हतं, तिरकं होतं. फाइलीत शोधलं, 2006 चं बिल सापडलं. आजोबांचा जुना मेकॅनिक, जो नंतर निवृत्त झाला आणि म्हणून 2019 साली आजोबा तुमच्या दारात आले. त्या माणसाने काम झाल्यावर स्टिकर लावला नव्हता. पुढे जो कुणी झाकण उघडेल त्याच्यासाठी आतून लिहून ठेवलं होतं.

ते तुमच्यासाठी होतं, महोदय. 2019 साली ते झाकण तुमच्या हातात होतं. तुम्ही ते वाचलंत. पट्टा तेव्हाच बारा वर्षं आणि आठ महिन्यांचा होता. तुम्ही नवा बाहेरचा पट्टा चढवलात, आतल्याला हात लावला नाहीत, ते झाकण त्यावर बसवलंत, चारही बाजूंचे बोल्ट आवळलेत, आणि मग सुंदर अक्षरात स्टिकर लिहिलात.

मी तुमच्या बाजूने कारणं शोधून पाहिली आहेत. पट्टा त्या दिवशी आला नसेल. संध्याकाळ झाली असेल, आजोबा गाडीसाठी बाकावर बसले असतील. वॉटर पंपाचा एखादा बोल्ट मोडायच्या बेतात असेल, अॅल्युमिनियममधले जुने बोल्ट तसे मोडतात, आणि तो मोडला तर दोन दिवस जातील अशी भीती वाटली असेल. यातलं काहीही असेल तर एक वाक्य पुरेसं होतं : "अर्धं काम झालं आहे, पुढच्या आठवड्यात या." आजोबा आले असते. ते असे आहेत की तुम्ही बोलावलं असतं तर पहाटे सहाला आले असते. दुसरं कारण असेल, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला काय कळणार हे, तर त्यावर मला काही सुचत नाही.

वॉटर पंपही बदललेला नव्हता. तो 2006 चाही नसावा. फिरवला तर बेअरिंग खडबडत होतं आणि खाली वाळलेल्या कूलंटचा हिरवट-पांढरा ओघळ. रोलर बोटाने फिरवले तर सुकी घरघर. या इंजिनात वॉटर पंप टायमिंगच्या पट्ट्यावरच चालतो हे मी वर सांगितलंच. पंपाचं बेअरिंग अडकलं की तो पट्ट्याला सोबत घेऊनच जातो. म्हणून तर जाणते लोक पट्टा, पंप, रोलर आणि सील हे एकत्रच बदलतात. तुमच्या बिलावर हे चारही आहेत, प्रत्येकापुढे रक्कम आहे.

सोळा वर्षं आणि सुमारे अठ्ठेचाळीस हजार किलोमीटर. किलोमीटर बघितले तर पट्टा मुदतीच्या आत होता, आणि मला भीती वाटते की तुम्ही स्वतःची समजूत त्याच आकड्यावर घातली असेल. पण रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. उष्णता, थंडी, तेलाची वाफ, आणि महिनोन्‌महिने एकाच जागी वाकून राहणं. जुन्या स्पोर्ट्स गाड्या वर्षातून दोन-तीन हजार किलोमीटर चालतात, हिवाळाभर गॅरेजमध्ये झोपतात. त्यांच्या बाबतीत वर्षंच मोजायची असतात. आपल्याकडे वाचणाऱ्यांना हे परकं वाटू नये म्हणून सांगतो, मारुती 800 लाही टायमिंग बेल्टच होता. घरासमोर झाकून ठेवलेली वडिलांची जुनी गाडी पुन्हा सुरू करायची कुणाच्या मनात असेल, तर किल्ली फिरवण्याआधी झाकण उघडा.

दातेरी पट्ट्याचं हे तंत्र गाड्यांत रुजलं ते तुमच्याच देशात. डिंगोलफिंगच्या ग्लास कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला 1004 या छोट्या गाडीत कॅम फिरवायला तो वापरला, मोठ्या संख्येने बनलेल्या गाडीत पहिल्यांदाच. साखळीपेक्षा हलका, शांत, तेलाशिवाय चालणारा. बदल्यात त्याने एकच गोष्ट मागितली, की ठरलेल्या वेळी कुणीतरी तो खरोखर बदलावा. साठ वर्षं हा व्यवहार कोट्यवधी गाड्यांत चालला आहे. मी या प्रांतात नोकरीला आलो तेव्हा पहिल्या आठवड्यात मला टॉर्क रेंचची नोंदवही दाखवली होती. कोणता रेंच कधी तपासला, कुणी तपासला, किती फरक निघाला. मी भारावून गेलो होतो, आणि ते भारावणं चुकीचं नव्हतं. त्या वहीवर माझा आजही विश्वास आहे. म्हणून तुमचा स्टिकर मला इतका लागला. तुम्ही त्या वहीच्या भाषेत खोटं लिहिलंत.

पट्टा मी स्वतः बदलला. दोन शनिवार-रविवार लागले. फ्लायव्हीलवरची ओटीची, म्हणजे पहिला पिस्टन अगदी वर आल्याची, खूण बेलहाउसिंगच्या खिडकीत आणली, वर कॅमच्या चाकाची खूण जुळली आहे हे बघितलं. या दोन खुणा एकाच वेळी जुळल्याशिवाय पुढचं काही करायचं नसतं. फ्लायव्हीलला कुलूप लावायची पट्टी मागवली, कारण क्रँकचा तो बोल्ट 210 न्यूटन-मीटरला आवळलेला असतो आणि इंजिन धरून ठेवल्याशिवाय हलत नाही. नवा पंप, नवे रोलर, पुढची सगळी सील. पंपाचे दोन बोल्ट रात्रभर तेलात भिजवले, थोडी उष्णता दिली, पाव-पाव फेरा पुढे-मागे करत काढले. एकही मोडला नाही. मोडला असता तर आणखी एक रविवार गेला असता, बस.

ताणाचं काम सगळ्यात नाजूक. 1987 पासूनच्या गाड्यांत स्प्रिंगचा टेन्शनर आला, पण ही गाडी त्याआधीची. इथे ताण हाताने द्यायचा आणि त्यासाठीच बनवलेल्या मापकाने मोजायचा. ते यंत्र महाग. एका 944 वाल्या सद्गृहस्थाकडून उसनं आणलं. त्यांनी देताना एवढंच विचारलं की इंजिन थंड असताना मोजणार ना. इंजिन तापलं की अॅल्युमिनियम वाढतं आणि ताण वेगळा दिसतो. कमी ताण ठेवला तर पट्टा दात चुकवतो, जास्त ठेवला तर पंपाचं आणि रोलरचं बेअरिंग मारतो. ताण दिल्यावर सॉकेटने दोन पूर्ण फेरे हाताने फिरवले, खुणा पुन्हा बघितल्या, ताण पुन्हा मोजला. त्या दोन फेऱ्यांत कुठे काही अडलं असतं तर तिथेच थांबून शोधता आलं असतं. किल्लीने फिरवलं असतं तर व्हॉल्व्ह वाकल्यावर कळलं असतं. नवा पट्टा सुरुवातीला थोडा ताणला जातो, म्हणून तीन हजार किलोमीटरनंतर पुन्हा झाकण उघडून ताण बघायचा. तो मी या सप्टेंबरात बघितला. थोडा कमी झाला होता, बरोबर करून घेतला.

आजोबांना फोन करावा की नाही यावर मी आठवडाभर विचार केला. गाडी आता माझी आहे, त्यांना का त्रास द्या. पण 2019 ते 2021 ते स्वतः त्या पट्ट्यावर फिरले होते, शेजारी त्यांची पत्नी, तेव्हा त्या हयात होत्या. मला वाटलं त्यांना हे कळायचा हक्क आहे. फोनवर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गाडी आणायला गेलो तेव्हा मी त्याच्यासाठी केक घेऊन गेलो होतो. माझ्या बायकोने केला होता." आणखी काही म्हणाले नाहीत. मला पैशांबद्दल काही विचारलं नाही, तुमच्यावर रागावले नाहीत.

मलाही तुमच्याकडून पैसे नकोत. आजोबांचे पैसे परत करायचे असतील तर त्यांचा पत्ता तुमच्या बिलावरच आहे. मला वेगळं हवं आहे. असे स्टिकर तुम्ही आणखी कितीतरी गाड्यांवर लावले असणार. त्यांतले बहुतेक खरे असतील, असं मी धरून चालतो, कारण बाहेरचा पट्टा इतका नीट बसवणारा माणूस रोज खोटं काम करत नसतो. कोणते खरे नाहीत ते तुम्हाला आठवतं. माणसाला अशा गोष्टी आठवतात. त्या गिऱ्हाइकांना फोन करा. कारण सांगायचं नसेल तर सांगू नका, पट्टा एकदा तपासायला घेऊन या म्हणा, आणि या वेळी बदला. वसंत आला की या गाड्या गॅरेजमधून बाहेर निघतात. मार्च संपण्याआधी करा.

झाकणाच्या आत, त्या तिरक्या अक्षराखाली, मी माझी तारीख आणि 1,45,300 हा आकडा पांढऱ्या पेनने लिहिला आहे. तुमचा स्टिकर मी सोलून काढला नाही. त्याच्यावर एक रेघ मारली आहे, तारीख अजून वाचता येते.

या पत्राच्या जर्मन प्रतीसोबत जाड पाकिटात एक वर्तमानपत्राची पुडी आहे. आत आतला पट्टा आहे, 2006 चा. तो तुम्ही 2019 च्या मे महिन्यात आजोबांच्या हातात द्यायचा होता.

एक गाडीवाला